तुळशीखालचं अर्थिंग

“पप्पा, आपला टब कधी चालू करायचा?”

निशिगंधानं विचारलं आणि दौलतरावांचा घास ताट आणि तोंड यांच्या मध्येच कुठेतरी अडकला. आईनं तव्यावरची भाकरी उलटायची ती उलटलीच नाही. करपल्याचा वास सुटला तेव्हा कुठे तिनं उचटणं हातात घेतलं.

खरं सांगायचं तर हा प्रश्न निशिगंधाचा नव्हताच. शाळेच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर पैज लागली होती. तिची वर्गमैत्रीण मैत्री म्हणाली होती, “तुमच्या गच्चीवर एवढा मोठा गरम पाण्याचा टब आहे आणि तू आम्हाला एकदाही बोलावलं नाहीस. आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे, पण त्यात पाण्यापेक्षा नियम जास्त. रविवारी तुझा वाढदिवस. टबात पार्टी!”

“तो बंद आहे,” निशिगंधा म्हणाली.

“मग विचार ना घरी, कधी चालू करणार ते. का घाबरतेस?” साबियानं पिन मारली. साबियाच्या अब्बांचं काळेवाडीत मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं, त्यामुळे बंद पडलेली कुठलीही वस्तू चालू होतेच असा तिचा ठाम धर्म होता. “वक्तृत्वाचा कप घेऊन आल्यापासून सगळ्या वर्गाला भाषण देते. घरी मात्र मांजर!”

मांजर म्हटल्यावर काय! नववीपर्यंत निशिगंधा खरंच मांजर होती. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही ती बाकावरची शाई खरवडत बसायची. पण दहावीत तालुक्याच्या स्पर्धेत पहिली आली आणि जिभेवरचं कुलूप जे उघडलं ते उघडलंच. आता ती रिक्षावाल्याशी वाद घालायची, गणिताच्या सरांची चूक फळ्यावर जाऊन दाखवायची. तेव्हा पैज घ्यायलाच हवी होती.

पण शाळेत बोलणं वेगळं आणि या घरात तो शब्द काढणं वेगळं. या घरात दीड वर्षापासून दोन शब्द कुणी उच्चारत नव्हतं. एक टब. दुसरा वहिनी.

टब आणला होता निरंजननं, तिच्या दादानं. दादा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. तिथला कुणी परदेशी साहेब मुदत संपवून मायदेशी निघाला आणि त्याच्या बंगल्यातला टब त्यानं दादाला जवळजवळ फुकटात दिला. हायड्रा क्रेननं तो गच्चीवर चढवला तेव्हा अर्धं मारुंजी गाव खाली उभं होतं. “आरं निरंजन, म्हशीला डुंबायला आनलंय का काय?” असं कुणीतरी ओरडलं आणि दादा वरून म्हणाला होता, “न्हाई काका, तुमच्यासाठीच. पाठ चोळून देतो, या वर.”

वायरिंग दादानं आणि वर्षालीवहिनीनं मिळून केलं. वहिनी आयटीआय झालेली इलेक्ट्रिशियन. एकाच कंपनीत, एकाच पॅनेलसमोर दोघांची ओळख झाली. लग्नात हे ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. सून वायरी जोडते! पण वहिनीला त्याचं काही नव्हतं. ओढणी कमरेला खोचून ती गच्चीवर बसायची, दादा तिच्या हातात पक्कड द्यायचा, आणि निशिगंधा दोघांच्या मध्ये चहाचे कप घेऊन लुडबुड करायची. शिफ्टवरून आल्यावर दोघं त्या पाण्यात पाय सोडून बसायचे. खालच्या खोल्यांमधले भाडेकरू, सगळी आयटीतली मुलं, हेव्यानं वर बघायची.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत, सेकंड शिफ्ट संपवून येताना दादाची गाडी रस्त्यात दिवे न लावता उभ्या असलेल्या एका ट्रेलरवर आदळली. बस्स. यापुढे त्याबद्दल या घरात कुणीच काही सांगत नाही.

आणि तेराव्यानंतर आई एकदाच बोलली. वहिनी अंगणातून आत येत होती, तर उंबऱ्यावर तिच्या पायांकडे बघून आई म्हणाली, “ह्याच पायांनी आली न्हवं का ही.” एवढंच. वहिनी उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. मग तिनं एक बॅग भरली आणि पिंपळे गुरवला आपल्या आईकडे गेली. कुणी जा म्हटलं नाही. कुणी थांब पण म्हटलं नाही. टबावर निळी ताडपत्री पडली, आणि तिच्याखाली दोन्ही शब्द गेले.

निशिगंधानं मात्र मनात एक गोष्ट धरून ठेवली होती, ती साबियालाही सांगितली नव्हती. टब चालू झाला, की वहिनीला बोलवायचं. वाढदिवसाला नणंदेनं बोलावलं तर ती येईल. एकदा आली, की गच्चीवर बसेल. एकदा बसली, की मग कशाला जाईल? पैज मैत्रिणींची होती, पण डाव तिचा स्वतःचा होता.

दौलतरावांनी घास तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, “आयतवारी वाढदिस हाय न्हवं तुझा? बोलाव मैतरणींना. करू चालू.”

“काय गरज हाय?” आई म्हणाली.

“पोरगी पहिल्यांदा काय मागतीया.”

आईनं ती करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि दुसरी थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दौलतरावांनी ताडपत्री काढली. आत पालापाचोळा, एक मेलेली पाल आणि तळाशी हिरवट गाळ. बापलेकीनं घासून घासून टब पांढरा केला, बोअरचं पाणी सोडलं, बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग पंप खाकरला, गुरगुरला, आणि पाण्यात बुडबुडे उसळले. निशिगंधानं अशी आरोळी ठोकली की खालच्या खोलीतला भाडेकरू मुलगा ऑनलाइन मीटिंग सोडून बाहेर आला.

पाणी कोमट झालं. वाफ सुटली. दौलतरावांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला, स्टीलच्या कठड्याला धरलं आणि एक पाय पाण्यात टाकला.

टक्!

सगळं बंद. भिंतीवरच्या पेटीतल्या पांढऱ्या डबीचा खटका खाली पडला होता. करंट कुठे गळायला लागला की सप्लाय तोडते ती डबी, आरसीसीबी म्हणतात तिला. त्यांनी तो वर केला. पंप पुन्हा सुरू झाला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास, काही नाही. छान चाललंय. पाय टाकला की टक्!

“काय झालं पप्पा?”

“कायतरी मुंग्या आल्यावानी झालं हाताला.” त्यांनी तळवा चोळला. पुन्हा खटका वर, पुन्हा पाय, पुन्हा टक्.

आई वाळलेले कपडे काढायला वर आली होती. ती दोरीजवळ उभी राहून हे सगळं बघत होती. चौथ्यांदा डबी पडली तेव्हा तिच्या हातातली चादर खाली घसरली.

“त्यो न्हाई म्हनतोय,” ती हळूच म्हणाली.

“कोन?”

“रिकामा असला की चालतो. दुसऱ्या कुनी पाय टाकला की बंद पडतो. कळंना का तुमास्नी? त्याचा टब हाय त्यो. झाका त्यो. माझ्या लेकराला नगा तरास देऊ.”

दौलतरावांचा चेहरा असा झाला की निशिगंधाला वाटलं, पप्पांनाही तेच वाटलंय. दीड वर्ष ज्याचं नाव घेतलं नाही तो जणू कठड्यावर बसून त्यांच्याकडे बघतोय. आणि मग, माणूस घाबरला की जसा चिडतो, तसे ते चिडले.

“कायबी न्हाई. ही डबीच बाद हाय. काढून टाकतो. डायरेक करतो वायर. समदी तेच करत्यात. आपल्या मोटारीला कुटं हाय डबी?”

ते खाली स्क्रू-ड्रायव्हर आणायला गेले. हेच वाक्य निशिगंधानं आधी ऐकलं होतं, दादाच्या तोंडून. टब नवा होता तेव्हा एकदा डबी पडत होती, आणि दादा कंटाळून म्हणाला होता, डायरेक्ट मारतो. त्यावर वहिनी अशी काही भडकली की संध्याकाळभर त्याच्याशी बोलली नाही. “डबी पडते म्हणजे ती तिचं काम करते,” ती म्हणाली होती. “कुत्रं भुंकलं तर कुत्र्याला मारणार, की चोर शोधणार?”

निशिगंधानं फोन काढला. दीड वर्षात दोघींमध्ये सणावाराचे चार मेसेज झाले होते, तेवढेच. तिनं व्हिडिओ कॉल लावला.

“निशू?” वहिनीचा चेहरा दिसला. केस कापले होते तिनं. “काय गं, सगळं ठीक?”

“वहिनी, पप्पा डबी काढून डायरेक्ट करतायत.”

नमस्कार नाही, कशी आहेस नाही. वहिनीनंही काही विचारलं नाही. ती सरळ उठून उभी राहिली. “कशाची डबी? टबाची? त्यांना सांग, हात लावू नका. आधी मेन बंद करायला सांग. तू चपला घातल्यास का पायात? घाल. आणि पाण्यापासून लांब हो.”

दौलतराव वर आले तेव्हा लेक पेटीसमोर दोन्ही हात पसरून उभी होती आणि फोन कुंडीला टेकवून ठेवला होता.

“बाजूला हो.”

“नाही पप्पा. आधी वहिनी काय म्हणते ते ऐका.”

दीड वर्षानं तो शब्द घरात आला. आई दोरीपाशी होती तिथेच उभी राहिली. दौलतरावांनी फोनकडे बघितलं नाही, पण स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला.

“काय म्हनती?”

“निशू, मामांना विचार, ह्यांचा मीटर आहे का अजून? पिवळा. माळ्यावरच्या पेटीत असेल.”

मीटर होता. त्याच्या पाठीवर दादानं निळ्या पेननं स्वतःचं नाव लिहिलं होतं. त्यातले सेल गळून गेले होते. निशिगंधानं टीव्हीच्या रिमोटचे काढून घातले. मग जे चाललं ते कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं. सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नव्हते आणि मधे लेक पोस्टमन झाली होती.

“मामांना सांग, टबात कुणी नको. मेन चालू करून मीटरची एक टोच न्यूट्रलला, एक हिरव्या वायरला. म्हणजे अर्थिंगला.”

“पप्पा, एक न्यूट्रलला—”

“आयकतोय मी. भैरा न्हाई.” त्यांनी टोचा लावल्या. “नव्वदीच्या वर दावतंय.”

“वहिनी, नव्वदच्या—”

“ऐकलं. अगं, दोन-तीन व्होल्ट दिसायला पाहिजे तिथं!” वहिनीचा आवाज बदलला. “मेन बंद करा. आता हीटरच्या दोन्ही वायरी काढायच्या, टोकांना टेप मारायची, आणि नुसता पंप लावून परत बघायचं.”

दौलतरावांनी एकेक करून सगळं केलं. शेतकऱ्याचे हात, पण दादाला मदत करून करून सवयीचे झालेले. या वेळी मीटरवर दीड आला.

“म्हंजे हीटर बाद हाय,” दौलतराव लेकीला म्हणाले. “एवढे दिस दमट राहिला न् त्यातनं करंट गळाया लागला. सापडलं. संपलं.”

“नाही संपलं,” वहिनी म्हणाली, आणि पहिल्यांदा ती निशिगंधाला नाही, सरळ त्यांना म्हणाली, “मामा, ऐका. हीटर गळतोय तर डबी लगेच पडायला पाहिजे होती, टब रिकामा असतानाच. करंट हिरव्या वायरनं मातीत उतरला असता आणि डबी पडली असती. तुमची तशी पडत नाही. म्हणजे त्याला मातीत जायला वाटच नाही. तो पाण्यात, त्या कठड्यात तसाच थांबून राहतोय. कुणी पाय टाकला, की त्या माणसातून खाली जातोय. तेव्हा डबी पडते. तुम्ही चार वेळा पाय टाकला. चारही वेळा त्या डबीनं तुम्हाला वाचवलं. तुम्ही ती काढली असती तर…”

दौलतराव पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. रविवारी त्या पाण्यात कोण उतरणार होतं, हे गच्चीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

आई पुढे आली. चादर तिच्या मागून फरफटत आली. “म्हंजे त्यो न्हवता?” तिनं विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. “त्यो न्हाई म्हनत न्हवता?”

निशिगंधाला वाटलं, आईकडून तिच्या लेकराचा शेवटचा उरलेला आवाजही आज वायरीतून काढून घेतला. भूत नव्हतं याचं दुःख होतं कधी? आईला होत होतं.

“मामा,” वहिनीनं विचारलं, “तुळशीला पाणी घालता ना रोज?”

हा काय प्रश्न झाला, असं निशिगंधाला वाटलं. मग आठवलं. टबासाठी वेगळं अर्थिंग करायचं ठरलं, तेव्हा दादा खड्डा गेटजवळ घेणार होता. वहिनीनं तो मागच्या अंगणात तुळशीच्या कट्ट्याला लागून घ्यायला लावला. अर्थिंगची माती ओली राहिली तरच करंट तिच्यात उतरतो. खड्ड्यात पाणी घाला म्हणून सांगितलं तर माणसं आठवड्यात विसरतात, पण तुळशीला पाणी घालायचं कुणी विसरत नाही. रोज सकाळी अंघोळ झाली की वहिनीच घालायची. एक तांब्या तुळशीला, अर्धा शेजारच्या खड्ड्याच्या लोखंडी झाकणावर. आई कौतुकानं शेजारणींना सांगायची, माझी सून तुळशीला दीड तांब्या घालते.

“तुळस…” दौलतराव म्हणाले आणि आईकडे बघितलं.

मागच्या अंगणात आता तुळस नव्हती. भाडेकरूंच्या गाड्या लावायला सगळं पेव्हिंग ब्लॉक टाकून सारखं केलं होतं. नवी तुळस पुढच्या दारात होती, संगमरवरी वृंदावनात.

“कट्टा म्या फोडाया लावला,” आई म्हणाली. ती आता फोनच्या अगदी समोर आली होती, पण तिचे डोळे पाण्यावर होते. “सकाळी मागचं दार उघडलं की ही दिसायची. पाणी घालताना. गेल्यावरबी दिसायची. रोज. मग म्या म्हनलं, फोडा त्यो कट्टा.”

स्क्रीनवर वहिनी छताकडे बघत होती. मग नाक ओढून, अगदी कामाच्या सुरात ती म्हणाली, “ब्लॉक काढावे लागतील मग. झाकण सापडलं की पाणी घाला. भरपूर. खडेमीठ टाकून.”

दौलतरावांनी पहार घेतली. ब्लॉक निघाले तशी खालची माती दिसली, भेगाळलेली, राखेसारखी कोरडी. झाकण गंजून लाल झालं होतं. निशिगंधा तांब्या घेऊन धावली.

“तांब्यानं काय व्हतंय? बादली आन,” आई म्हणाली आणि स्वतःच बादली भरून आणली. पहिली बादली मातीनं आवाजसुद्धा न करता पिऊन टाकली. दुसरीही. तिसऱ्या बादलीला बुडबुडे आले. आई वाकून वाकून ओतत होती, पदर भिजला, लुगडं भिजलं, तरी थांबेना. “पी,” ती मातीला म्हणत होती, “पी बाई, पी.”

तासाभरानं सगळे परत गच्चीवर. हीटरच्या वायरी पुन्हा जोडल्या. सगळे टबापासून लांब भिंतीला पाठ लावून उभे. दौलतरावांनी मेन वर केला.

टक्!

जवळपाससुद्धा कुणी नव्हतं, आणि डबी तत्क्षणी पडली.

“पडली! वहिनी, पडली!” निशिगंधा नाचायला लागली. टब बंद पडल्याबद्दल एवढा आनंद साऱ्या मारुंजीत कुणाला झाला नसेल.

“आता बरोबर पडली,” वहिनी हसली. दीड वर्षानं ते हसू. समोरचा एक दात किंचित पुढे, तो दिसला. “हीटर नवा टाका आणि त्या मातीला पाणी घालत राहा. मग बिनधास्त पोहा.”

आणि निशिगंधाला वाटलं, हीच वेळ. पप्पांचा चेहरा उजळलाय, आईचा पदर ओला आहे, वहिनी हसतेय. आता नाही तर कधीच नाही. जी मुलगी वक्तृत्वात तीनशे लोकांसमोर अडखळली नव्हती ती एका दमात बोलून गेली.

“वहिनी, रविवारी माझा वाढदिवस आहे. तू ये. हीटर तूच बसव. आणि मग जाऊ नकोस. तुझी खोली तशीच आहे, मी कुणाला बसू पण देत नाही तिथं. राहा ना इथंच.”

वहिनीचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातली वहिनी कुठेतरी निघून गेली.

“निशू,” ती म्हणाली, “मी तुला सांगणारच होते. दहा वेळा फोन हातात घेतला. माझं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात. आळंदीला, छोटंसंच आहे. ते भोसरीला असतात. त्यांची बायको वारली. एक मुलगी आहे, बालवाडीत जाते.”



“चांगला हाय का माणूस?” दौलतरावांनी विचारलं. आज पहिल्यांदा त्यांनी फोनकडे बघितलं.

“हो मामा. शांत आहेत.”

“बरं. बरं झालं.” त्यांनी मीटर बंद केला, टोचांच्या वायरी नीट गुंडाळल्या, पुन्हा सोडल्या, पुन्हा गुंडाळल्या.

आईचे ओठ हलले. त्या दिवशी उंबऱ्यावर जे वाक्य न बोलावता तोंडातून बाहेर पडलं होतं, ते परत घ्यायला आज एक शब्दसुद्धा येईना. ती फोनच्या दिशेनं हात करून उभी राहिली, जणू गालावरून बोटं फिरवायचीत, आणि मग तोच हात पदराला पुसून जिना उतरून गेली.

“ठेवते निशू. शिफ्ट आहे माझी,” वहिनी म्हणाली. “वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नयेत म्हणतात. रविवारी करते फोन.”

स्क्रीन काळी झाली. त्यात निशिगंधाला स्वतःचं तोंड दिसलं. केवढी मोठी झाली होती ती या वर्षात, सगळे म्हणायचे. आणि वेडी किती! टबाची वायर जोडली की माणसंही जोडली जातात, असं समजून बसली होती. वहिनीनं तिच्यासाठी बिघाड शोधून दिला, अर्थिंग दुरुस्त करून दिलं, आणि ती गेली ती गेलीच. रागवावं म्हटलं तर कुणावर? वहिनीवर रागवायला गेली, तर ते दात पुढे असलेलं हसू आठवायचं. ते हसू या घरात परत आलं असतं का? आईच्या उंबऱ्यावर? रोज त्या पायांवर नजर घेऊन?

ती टबाला टेकून बसली आणि पोटभर रडली. दादा गेला तेव्हा सगळे रडत होते म्हणून रडली होती. हे रडणं तिचं एकटीचं होतं.

साबियाचा फोन आला. “काय मग, विचारलं? पैज जिंकली की हरली?”

“टब नाही चालणार रविवारी. हीटर जळलाय.” आणि मग तिनं सगळंच सांगून टाकलं, हुंदके देत, मागचं पुढे, पुढचं मागे. साबियानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, म्हणजे कमालच.

“हीटरचं अब्बांना सांगते,” शेवटी ती म्हणाली. मग, “ए, तुमच्यात ती नवरीच्या मागे पाण्याचं भांडं घेऊन उभी राहते, नटूनथटून, जिला सगळे फोटोत घेतात…”

“करवली.”

“हां, ती. बहीण असते ना? तुझ्या वहिनीला आहे बहीण?”

“नाही. एकटीच ती.”

“मग कोण उभं राहणार?”

साबियानं फोन ठेवल्यावर निशिगंधानं वहिनीला तेवढाच एक प्रश्न लिहिला. बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्याच. मग आलं, “कोण उभं राहणार गं. दुसरं लग्न. कुणाला उत्साह आहे?”

तिनं ते दोनदा वाचलं. नळाखाली तोंड धुतलं, वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली. आपल्याला वाटत होतं, वहिनीला घरी आणायचं. आणायचं नसतं, काही माणसांना नीट पोहोचवायचं असतं, आणि ते तर कुणी केलंच नव्हतं. ती या घरातून एक बॅग घेऊन एकटी गेली होती. फाटकापर्यंतसुद्धा कुणी आलं नव्हतं. निशिगंधाही खिडकीच्या पडद्याआड उभी होती.

खाली मागच्या अंगणात उघड्या मातीशेजारी आई ब्लॉकवर बसली होती. दौलतराव तिच्यापासून थोडं लांब, पहारीला टेकून. ऊन कलायला लागलं होतं. भाडेकरूंच्या गाड्या यायला अजून वेळ होता.

ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“आई, पप्पा, ऐका. मी वहिनीच्या लग्नाला जाणार आहे. नुसती जेवायला नाही. तिला बहीण नाही, म्हणून करवली मी होणार. तिच्या मागे कऱ्हा घेऊन मी उभी राहणार आणि ती निघेल तेव्हा तिला गाडीपर्यंत सोडायला पण मीच जाणार. लोक म्हणतील, नणंद कशी काय करवली. म्हणू देत. आई, तुला यायचं असेल तर ये, तिला तुझ्याकडून एकदा तरी काहीतरी ऐकायचं असेल. नाही आलीस तरी मी रागवणार नाही. पण मला अडवू नका. मी आत्ताच कळवलंय तिला.”